डेमन सुधारला म्हणे, मग कॅरोलाइनचं काय?



‘स्टेफन की डेमन’ हा पोरींचा वाद फालतू आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आजचं लिहिणं आहे. आणि त्या वादाचं उत्तर ‘डेमन’ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी तर मला भांडायचंच आहे.

ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारी मुलगी नाही त्यांना थोडक्यात सांगते. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही अमेरिकेतली सिरियल. सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली, मार्च २०१७ मध्ये संपली. आठ सीझन, १७१ भाग. मूळ कादंबऱ्या एल. जे. स्मिथ या लेखिकेच्या. व्हर्जिनियातलं मिस्टिक फॉल्स नावाचं काल्पनिक गाव, तिथे एलेना ही सतरा वर्षांची मुलगी. आईवडील अपघातात गेलेले, पाठीमागे एक धाकटा भाऊ. आणि तिच्यात जीव अडकलेले दोन सख्खे भाऊ, स्टेफन आणि डेमन. दोघंही १८६४ साली मेले आणि रक्त पिणारे व्हॅम्पायर झाले. म्हणजे वय दीडशेच्या घरात, चेहरा मात्र तरुणच राहिलेला. (आपल्याकडे बायोडाट्यात दोन वर्षं कमी लिहिली तर केवढा गहजब होतो!)

सिरियल संपून इतकी वर्षं झाली, तरी वाद संपलेला नाही. आमच्याकडे सुट्टीत भाच्या-पुतण्या जमल्या की पापड लाटता लाटता तो सुरू होतो. एक गट स्टेफनचा, दुसरा डेमनचा. डेमनवाल्यांचा हुकमी एक्का एकच: ‘केमिस्ट्री’. एलेनाची आणि डेमनची केमिस्ट्री बघ, स्टेफनबरोबर ती नाहीच. झालं. यापुढे कोणी काही बोलायचं नाही.

मी सिरियल बघितली आहे, म्हणून मी बोलणार.

पहिल्या सीझनमध्ये गावातल्या सौंदर्यस्पर्धेचा एक प्रसंग आहे. प्रत्येक मुलीबरोबर नाचायला जोडीदार असतो. एलेनाचा स्टेफन ऐन वेळी गायब होतो आणि जिना उतरून आलेल्या तिच्यापुढे डेमन येऊन उभा राहतो. ते नाचतात. हात हाताच्या अगदी जवळ, पण नाचाच्या त्या भागात स्पर्श करायचा नाही असा नियम. नुसती नजर. खरं सांगायचं तर तो प्रसंग सुंदर आहे. इयान सोमरहॉल्डर आणि निना डोब्रेव्ह या दोघांनी तो असा केला आहे की माझ्याही हातातलं लाटणं थांबलं होतं. पण मैत्रिणींनो, ते सुंदर झालं ते दोन नटांमुळे, गाण्यामुळे, प्रकाशामुळे, आणि कॅमेरा चेहऱ्यावर जरा जास्त वेळ थांबतो म्हणून. केमिस्ट्री पडद्यावर घडवली जाते. ती उत्तम जमली आहे एवढं म्हणणं म्हणजे फोडणी छान बसली आहे असं म्हणणं. भाजी नासकी होती की ताजी, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणि भाजी नासकी आहे. त्याच पहिल्या सीझनच्या सुरुवातीला एलेनाची मैत्रीण कॅरोलाइन डेमनच्या हाती सापडते. व्हॅम्पायर माणसाच्या डोळ्यांत बघून हुकूम देऊ शकतात. घाबरू नकोस म्हटलं की माणूस घाबरत नाही, विसरून जा म्हटलं की विसरतो. डेमन तिचं रक्त पितो, तिला वाटेल तशी वापरतो, तिच्याकडून आपली कामं करून घेतो, आणि हे सगळं ती हसतमुखाने करेल अशी सोय करून ठेवतो. गळ्यावरचे चावे लपवायला ती स्कार्फ बांधून हिंडते. मैत्रिणींना वाटतं, पोरगी प्रेमात पडली आहे. एलेनाच्या घराचा उंबरठासुद्धा डेमन ओलांडतो तो कॅरोलाइनच्या आडून. व्हॅम्पायरला आत यायला घरच्यांनी बोलवावं लागतं. कॅरोलाइनबरोबर आलेला पाहुणा म्हणून एलेना त्याला ‘या’ म्हणते.

पुढे दुसऱ्या सीझनमध्ये कॅरोलाइन स्वतः व्हॅम्पायर होते आणि पुसलेलं सगळं तिला आठवतं. ती डेमनला तोंडावर सांगते, मला आठवतंय. हा प्रसंग किती वेळ चालतो? फार थोडा. मग कथा पुढे जाते, कारण कथेला एलेनाकडे जायची घाई आहे. प्रेक्षकांनाही तीच घाई.

मी भाचीला विचारलं, ‘तुमच्या वादात कॅरोलाइन कुठे येते?’ ती म्हणाली, ‘मावशी, ते पहिल्या सीझनमधलं झालं. तो तेव्हा व्हिलन होता. नंतर एलेनामुळे तो बदलला.’

एलेनामुळे बदलला! दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात एलेना त्याला नाही म्हणते, तर तो तिच्या डोळ्यांदेखत तिच्या भावाची मान मोडतो. भाऊ वाचला तो हातातल्या मंतरलेल्या अंगठीमुळे. ती त्याच्या बोटात आहे हे डेमनने बघितलं होतं की नाही यावर पोरी अजून भांडतात. त्याच सीझनच्या शेवटाकडे, तिला व्हॅम्पायर व्हायचं नाही हे ठाऊक असताना, तो तिला जबरदस्तीने आपलं रक्त पाजतो. मधे एकदा तिच्या खोलीत येऊन तो तिच्यावरचं प्रेम कबूल करतो आणि लगेच ते तिला विसरायला लावतो. या प्रसंगावर आमच्या पोरी डोळे पुसतात. अगं, पण आठवण तिची होती ना? ती ठेवायची की टाकायची हे तिने ठरवायचं.

आता इथपर्यंत वाचून ज्या काकू-मावश्या ‘बघा, म्हणूनच या इंग्रजी सिरियली नकोत’ असं म्हणायला लागल्या असतील, त्यांनी जरा थांबावं. माझं खरं भांडण तुमच्याशीच आहे.

एकतर आपण कुठे धुतल्या तांदळाच्या? ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली, आणि २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक आणि शेवंताची आधीची गोष्ट दाखवली, तेव्हा रात्री साडेदहाला कोण टीव्हीसमोर बसत होतं? माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी काम फक्कड केलं, यात वाद नाही. पण ‘काय जोडी आहे’ हे वाक्य मी साठी उलटलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. घरात राबणारी माई ही त्या माणसाची लग्नाची बायको, आणि अण्णाच्या हातून माणसं मेलेली, हे सगळं माहीत असताना. माई आणि कॅरोलाइन या दोघींना आपण एकाच कोपऱ्यात बसवतो. त्या दिसत असतात, पण मधे येऊ नयेत अशी आपली इच्छा असते.

पण हेही सोडा. सिरियल ही सिरियल. मला टोचतं ते पुढचं.

‘तो वाईट होता, पण तिच्या प्रेमाने सुधारला.’ हे वाक्य डेमनच्या गटातल्या पोरींनी शोधलेलं नाही. हे आपलं वाक्य आहे. ‘लग्न झालं की सुधारेल.’ मुलगा पितो, रात्री दोनला घरी येतो, धंद्यात लक्ष नाही, आईवर हात उगारतो. उपाय काय, तर चांगल्या घरातली, शांत, धार्मिक मुलगी बघा. चौविहार करणारी असली तर उत्तमच, घराला वळण लागेल! मी ही वाक्यं लग्नाच्या मांडवात ऐकली आहेत, स्थानकाच्या पायऱ्यांवर ऐकली आहेत, आणि म्हणणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांना मनापासून वाटत होतं की मुलगी हे औषध आहे. मुलगा सुधारला तर ‘बघा, सुधारला की नाही!’ आणि नाही सुधारला तर ‘तिला सांभाळून घेता आलं नाही.’ पोरी निदान एका काल्पनिक मुलीला हे काम लावतात. आपण खऱ्या मुलींना लावतो, वर साडी-चोळी देऊन.

आणि पोरींच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. चौथ्या सीझनमध्ये त्यांनी जो वाद घातला, तो आपल्या कुठल्याही बैठकीत कधी झालेला नाही.

झालं असं की एलेना मरते आणि डेमनच्या रक्तामुळे व्हॅम्पायर होते. त्यानंतर तिचा ओढा डेमनकडे वाढतो. मग कळतं की तिच्यावर ‘सायर बाँड’ आहे. म्हणजे ज्याच्या रक्ताने आपण व्हॅम्पायर झालो, त्याला जे आवडेल तेच आपल्याला आवडायला लागतं, आणि ते आपलंच मत आहे असं वाटत राहतं. आधी याची खूण कुठे दिसते माहीत आहे? खाण्यात. तिने जनावराच्या रक्तावर राहावं असं स्टेफनला वाटतं, डेमनला ते पटत नाही. आणि तिच्या पोटात ते ठरत नाही, उलटून पडतं. डेमनच्या जुन्या आयुष्यात न्यू ऑर्लिन्सची अशीच एक शार्लट होती. तिच्यापासून सुटका हवी म्हणून त्याने तिला शहरातल्या एकूण एक विटा मोजायला सांगितल्या आणि तो निघून गेला.

यावर पोरी अक्षरशः तुटून पडल्या. एलेनाचं ‘हो’ हे तिचं होतं का? बंध तेव्हाच बसतो जेव्हा माणूस असताना मनात आधीच काही असतं, असं सिरियल सांगते. मग ते प्रेम खरं धरायचं का? बंध तुटल्यावर ती पुन्हा डेमनलाच निवडते, तर आधीचं सगळं माफ होतं का? माझी पुतणी डेमनच्या गटातली, पण ती म्हणाली, ‘बंध असताना त्याने लांब राहायला हवं होतं, एवढं मी कबूल करते.’ एकोणीस वर्षांची मुलगी हे म्हणते. मला तिचा अभिमान वाटला.

कारण बघा, आपल्याकडचा बघण्याचा कार्यक्रम आठवा. वीस माणसं बाहेरच्या खोलीत. मुलाकडच्यांनी पसंती कळवलेली. आत मुलीला आई, काकू, आत्या घेरून उभ्या, कोणीतरी पेढ्यांचा बॉक्स फोडायच्या तयारीत, आणि विचारलं जातं, ‘तुझी हरकत नाही ना?’ ती मान हलवते. बाहेर येऊन सांगितलं जातं, ‘मुलगी हो म्हणाली!’ डोळ्यांत बघून हुकूम द्यायला आपल्याला व्हॅम्पायर लागत नाही. आणि लग्नानंतर दोन वर्षांनी ती सांगते, ‘मला आधी कारलं आवडायचं, आता नाही आवडत, यांच्याकडे कोणी खात नाही ना.’ आपण हसतो. साधी गोष्ट आहे, कारल्याने काही बिघडत नाही. पण नोकरी नको वाटणं, माहेरी जावंसं न वाटणं, मैत्रिणींचे फोन नको होणं, हे सगळं ‘तिलाच आता आवडत नाही’ या सदरात जमा होत जातं, आणि आपण म्हणतो, ‘किती छान रुळली!’ त्यातलं तिचं किती आणि त्यांचं किती, हे विचारायचं धाडस आपल्यात नाही.

पोरींचा शेवटचा मुद्दा मात्र मला खिंडीत गाठणारा होता. ‘मावशी, आपल्यात तर क्षमा शिकवतात. पापी माणूस सुधारू शकतो असंच तर महाराजसाहेब सांगतात. मग डेमनला का नाही?’

सुधारू शकतो. नक्कीच. पर्युषणात आपल्याकडे अंतगड सूत्र वाचतात, त्यातला अर्जुनमाळी आठवा. त्याच्याही अंगात यक्ष शिरला होता, म्हणजे अद्भुताच्या बाबतीत आपण मिस्टिक फॉल्सला हार जाणार नाही. रोज सात माणसं मारायचा, सहा पुरुष आणि एक बाई. राजगृहाचे लोक घराबाहेर पडेनासे झाले. सुदर्शन श्रावक भगवान महावीरांच्या दर्शनाला निघाला, त्याच्यासमोर यक्षाचं काही चाललं नाही, आणि अर्जुन भानावर आला. त्याने दीक्षा घेतली. पण पुढे काय झालं ते नीट ऐका, कारण आपण घाईत तिथेच टाळ्या वाजवून मोकळे होतो. तो त्याच गावात गोचरीला गेला. ज्यांची माणसं त्याने मारली होती, त्यांच्याच दारात. कोणी म्हणालं, याने माझा बाप मारला. कोणी म्हणालं, माझा भाऊ. शिव्या दिल्या, मारलं. आहार मिळाला तर पाणी नाही, पाणी मिळालं तर आहार नाही. त्याने ते समभावाने सोसलं. मला आता यक्षाने सोडलंय, तेव्हा मला चांगलं म्हणा, असं त्याने कोणाला सांगितलं नाही.

त्या कथेत मेलेल्यांचे नातेवाईक आहेत, त्यांना तोंड आहे, त्यांचा राग खरा मानला आहे. सुधारण्याचा रस्ता त्यांच्या दारावरून जातो. आणि बक्षीस म्हणून त्याच्या पदरात कोणाची मुलगी घातलेली नाही! डेमनचं सुधारणं कशाने मोजायचं? एलेना त्याच्याकडे बघून हसली की नाही याने. कॅरोलाइनच्या दारावरून त्याला जावं लागत नाही. क्षमा करायची तर ती कॅरोलाइनने करायची. आपण पॉपकॉर्न खात खात तिच्या वतीने परस्पर क्षमा करून टाकतो, ही कुठली क्षमा? आणि समजा तिने केलीही, तरी क्षमा वेगळी आणि सोयरीक वेगळी. संवत्सरीला मी ज्या-ज्या लोकांना मिच्छामि दुक्कडं म्हणते, त्या सगळ्यांच्या घरात मुलगी देणार नाही.

स्टेफनच्या गटाने फार खूश होऊ नये. त्याचं नाव ‘रिपर’ उगीच पडलं नव्हतं; माणसाच्या रक्ताची चव लागली की त्याला थांबता येत नाही आणि एकेकाळी त्याने माणसांचे तुकडे केले आहेत. तिसऱ्या सीझनमध्ये शत्रूला धमकवायला तो एलेनाला रक्त पाजून, गाडीत घालून त्याच पुलावर नेतो जिथे तिचे आईवडील गेले. एरवी तो जनावरांच्या रक्तावर राहतो म्हणून पोरी त्याला कौतुकाने ‘शाकाहारी’ म्हणतात. ससे मारणारा शाकाहारी! आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे सशाला कोणी विचारलंच नाही.’ पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंनी सिरियल न बघता कॅरोलाइनचाच मुद्दा मांडला.

आणि बॉनी. एलेनाची दुसरी जिवलग मैत्रीण, मंत्रविद्या जाणणारी. या सगळ्यांना वाचवताना तिची आजी जाते, ती स्वतः मरून परत येते, सहाव्या सीझनच्या शेवटी तर एलेनाचं जागं होणं तिच्या मरणाशी बांधलं जातं. प्रत्येक कार्याच्या घरात एक बाई असते बघा, जिने स्वयंपाक केलेला असतो आणि जी एकाही फोटोत नसते. केमिस्ट्रीच्या वादात बॉनीचं नाव क्वचित निघतं, आणि निघालं तरी ‘तिची आणि डेमनची जमली असती का’ एवढ्यापुरतं.

शेवट सांगून टाकते, आता सगळ्यांना माहीतच आहे. डेमन माणूस होतो, एलेनाबरोबर संसार करतो. स्टेफन गावासाठी आणि भावासाठी जीव देतो. पण त्याआधी आठव्या सीझनमध्ये स्टेफनचं लग्न होतं, आणि ते कॅरोलाइनशी. व्हॅम्पायर झाल्यावर पहिल्या दिवसांत भुकेने वेडीपिशी झालेल्या तिला त्याने सांभाळून घेतलेलं असतं, पुढे कित्येक सीझन दोघं नुसते मित्र असतात, आणि प्रेम मागाहून येतं. मला वाटलं होतं, निदान या जोडीवर तरी दोन्ही गटांचं एकमत असेल. भाचीने नाक मुरडलं. ‘केमिस्ट्री नाही मावशी.’

‘का गं?’

तिने लाटलेला पापड उचलून चादरीवर टाकला आणि जरा विचार करून म्हणाली, ‘तो तिच्याशी फारच नीट वागतो.’